भाच्याचा कॉम्प्रेसर आणि मावशीचे बारा लाख

वाचकांचं पत्र: मी सांगली जिल्ह्यातली निवृत्त मुख्याध्यापिका, वय ६६. मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. धाकट्या बहिणीचा मुलगा पाचवीपासून माझ्याकडेच वाढला, इंजिनिअर झाला. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्याने दोन मित्रांबरोबर भोसरीत कंपनी काढली आहे. बायोगॅस दाबून सिलिंडरमध्ये भरणारा छोटा कॉम्प्रेसर ते तयार करत आहेत. वीज चाळीस टक्के कमी लागते म्हणतो. पुढे हायड्रोजनसाठीही करणार आहेत. त्याने माझ्याकडे १२ लाख मागितले आहेत, बदल्यात ३ टक्के शेअर. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेची माझी दोन खाती आहेत, एक १८ लाखांचं, एक १२ लाखांचं. अडीच वर्षांपूर्वी ८.२ टक्क्यांनी काढलेली. त्यातलं दुसरं मोड म्हणतो. पैसे आधी त्याच्या खात्यावर टाकायचे, शेअर मार्चनंतर नावावर करून देईल. मला पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. मला या मशीनमधलं काही कळत नाही आणि त्याला नाही म्हणायला जीव होत नाही. दिवाळीला येणार आहे. काय सांगू त्याला?

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देतो. ते १२ लाखांचं खातं मोडू नका. दिवाळीत नाही आणि मार्चनंतरही नाही. भाच्याच्या कंपनीत तुम्हाला पैसे घालायचेच असतील तर किती आणि कधी घालायचे, ते पुढे सांगतो. ती रक्कम १२ लाखांच्या जवळपासही नाही.

तुमच्या भाच्यावर माझा अविश्वास नाही. उलट, पगाराची नोकरी सोडून कॉम्प्रेसरसारख्या अवघड यंत्रात हात घालणाऱ्या मुलाबद्दल मला आपुलकीच वाटते. माझी तेहतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या देखभालीत गेली, त्यातली निम्मी भोसरी-चाकण पट्ट्यात. म्हणूनच हे पत्र बाजूला ठेवता आलं नाही.

तुम्ही लिहिलंय की मशीनमधलं काही कळत नाही. पण तुम्ही शाळेत गणित शिकवलंच असेल, तेवढं पुरे आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं तोंड तापतं ना, सगळी अडचण तिथे आहे. गॅस दाबला की तापतो, तापला की फुगू पाहतो, आणि फुगणारा गॅस दाबायला जास्त वीज लागते. गाडीच्या सीएनजी टाकीत गॅस २०० बारला भरतात आणि पंपावर साठवतात २५० बारला, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या अडीचशे पट दाबाने. एवढा दाब एकाच दमात द्यायला गेलं तर गॅस पाचशे अंशांच्या पुढे तापेल. म्हणून काम टप्प्याटप्प्याने करतात. १ चे ४, ४ चे १६, १६ चे ६४, ६४ चे २५६. झाले चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर इंटरकूलर, म्हणजे गॅस गार करायची सोय. तरीसुद्धा एकेका टप्प्यात गॅस दीडशे अंशांच्या आसपास जातो. त्या उष्णतेत रिंगा, पॅकिंग आणि व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, टिकवणं ही या धंद्यातली खरी विद्या आहे.

आता त्याचे ते चाळीस टक्के. निसर्गाने इथे एक तळ ठरवून ठेवलाय, त्याच्या खाली कुणालाही जाता येत नाही. एक किलो मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा गॅस, साध्या हवेच्या दाबापासून २५० बारपर्यंत न्यायला, गॅस जराही तापू न देता दाबला असं धरलं तरी, जवळजवळ पाव युनिट वीज लागतेच. खऱ्या मशीनला त्याहून बरीच जास्त. म्हणून भाच्याला पहिला प्रश्न विचारा, ‘एका किलोला किती युनिट?’ उत्तर टक्क्यांत नको, युनिटमध्ये हवं.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ‘आत येणारा गॅस किती दाबाचा होता?’ कारण आत येणारा गॅस १ बारऐवजी आधीच ८ बारचा असेल, तर उरलेलं काम जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होतं. मशीन तेच, कौशल्यही तेच, तरी वीज चाळीस टक्के कमी दिसते! बायोगॅस शुद्ध करायच्या काही पद्धतींत गॅस आधीच थोडा दाबलेला बाहेर येतो, त्यामुळे ही गल्लत सहज होते. करणाऱ्याच्या मनात फसवायचं नसलं तरी होते. दोन मशीनची तुलना करायची तर आत येणाऱ्या गॅसचा दाब सारखा, बाहेर जाणारा दाब सारखा आणि गॅसही तोच हवा. त्याने अशी मोजणी केलेली असेल तर तो दोन मिनिटांत आकडे सांगेल. सांगताना त्याचा चेहरा खुललेला दिसेल, इंजिनिअरला हे बोलायला फार आवडतं.

तिसरा प्रश्न, ‘चाचणी कशावर केली?’ नव्या मशीनची सुरुवातीची चाचणी बहुतेक नायट्रोजनवर होते. ते बरोबरच आहे, नायट्रोजन पेटत नाही. पण नायट्रोजन कोरडा आणि स्वच्छ असतो. बायोगॅसमध्ये ओल असते, कार्बन डायऑक्साइड असतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. एका साखर कारखान्याच्या प्लांटवर मी उघडलेला व्हॉल्व्ह अजून डोळ्यांसमोर आहे. प्रेसमडचा, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचा गॅस होता आणि शुद्धीकरण काही आठवडे नीट चाललं नव्हतं. व्हॉल्व्हची प्लेट तळहाताएवढी, नवीन असताना आरशासारखी असते. ती बाहेर काढली तर तिच्यावर काळी, चिकट, कुजक्या अंड्याच्या वासाची साय होती. कापडाने पुसल्यावर खाली बारीक खड्डे पडलेले दिसले आणि कडेला केसासारखी एक चीर. अशी प्लेट एक दिवस तुटते, तुकडा मशीनच्या पिस्टन फिरतो त्या सिलिंडरमध्ये जातो आणि चालतं मशीन ठप्प होतं. पिस्टनचे कॉम्प्रेसर अचानक बंद पडण्यामागे सगळ्यात जास्त वेळा व्हॉल्व्हच असतात. नायट्रोजनवर शंभर तास गोड चाललेल्या मशीनबद्दल मी म्हणूनच काही मत देत नाही.

आणि तास किती झाले तेही विचारा. वर्षात ८,७६० तास असतात. बायोगॅस प्लांट रात्री झोपत नाही, शेण आणि प्रेसमड रविवार पाळत नाहीत. ५०० तास ऐकायला मोठे वाटतात, पण ते एकवीस दिवसही होत नाहीत. ग्राहकाच्या प्लांटवर, ग्राहकाच्या ऑपरेटरच्या हातात, खऱ्या गॅसवर चार-पाच हजार तास चाललेलं एक मशीन असेल तर ती कंपनी निराळ्या वर्गात बसते. कॉम्प्रेसरवर आवर मीटर असतो, शेजारी लॉगबुक असतं. दर तासाला प्रत्येक टप्प्याचा दाब आणि तापमान त्यात लिहितात. ते लॉगबुक बघा. सगळी पानं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि एकसारख्या आकड्यांची असतील तर ते घरी बसून भरलंय. तुम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यात, हे तुम्हाला माझ्याआधी कळेल.

हायड्रोजनचं तो आत्ता बोलतोय ते तूर्त सोडून द्या. बसमध्ये हायड्रोजन साधारण ३५० बारला आणि मोटारीत ७०० बारला भरतात. त्याचा रेणू इतका बारीक की मिथेन जिथे अडतो तिथून हा निसटतो, आणि काही पोलादं त्याच्यामुळे ठिसूळ होतात. शिवाय एक किलो हायड्रोजन साध्या दाबावरून ३५० बारला न्यायचा तर तो निसर्गाचा तळच दोन युनिटांचा आहे. बायोगॅसचं मशीन चाललं म्हणून हायड्रोजनचं चालेल असं होत नाही, ते नवं मशीन असतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मोहिमेला १९,७४४ कोटी मंजूर केले, तेव्हापासून प्रत्येक छोट्या कंपनीच्या माहितीपत्रकात हायड्रोजनचं एक पान असतं. त्या पानासाठी पैसे देऊ नयेत.

सरकारी घोषणांचं निघालंच आहे तर तेही सांगतो. तो तुम्हाला ‘सतत’ योजनेचं सांगेल. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली तेव्हा २०२३ पर्यंत बायोगॅसचे ५,००० प्लांट उभे राहतील असं लक्ष्य होतं. ते लक्ष्य फार लांब राहिलं. आता शहर गॅस कंपन्यांना सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याची सक्ती लागू झाली आहे, २०२५-२६ मध्ये १ टक्का आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असा तो चढता क्रम आहे. त्यामुळे मागणी वाढणार हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण ती मागणी भोसरीतल्या तिघांच्या गाळ्यातूनच पुरवली जाईल असं नाही. पुण्यातच हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक आहे, दापोडीला अॅटलस कॉप्को आहे, दोन्ही कॉम्प्रेसर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या. गॅस कंपनीचा खरेदी अधिकारी मशीनची किंमत बघतो, त्याच्या दुप्पट वेळा विचारतो की रात्री दोनला मशीन बंद पडलं तर कोण येणार. छोट्या कंपनीला या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसं लागतात, सुट्या भागांचा साठा लागतो, आणि त्याचा पैसा मशीन विकण्याआधी लागतो. शिवाय या दाबाच्या गॅसच्या टाक्या आणि भरण्याच्या जागा यांच्यावर आपल्या नागपूरच्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची नजर असते. ती असायलाच हवी. त्या परवानग्यांना वेळ जातो. भाच्याच्या वेळापत्रकात तो वेळ धरलाय का, तेही विचारा.

आता कागदांकडे येतो. तुमच्या पत्रातलं जे वाक्य वाचून मी थांबलो ते इथलंच आहे, ‘पैसे आधी त्याच्या खात्यावर टाकायचे.’

ताई, हे करू नका. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बाहेरच्या माणसाकडून शेअरसाठी पैसे घेते तेव्हा कंपनी कायद्याचं ४२ वं कलम लागू होतं. त्यात रीत ठरलेली आहे. कंपनी तुमच्या नावाने प्रस्तावाचं पत्र काढते, त्याचा नमुना पीएएस-४. पैसे तुमच्या बँक खात्यातून कंपनीच्या शेअरसाठीच्या वेगळ्या बँक खात्यात जातात, रोख चालत नाही. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, आणि तेही झालं नाही तर १२ टक्के व्याजासह. शेअर दिल्याचं विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे दाखल होईपर्यंत कंपनीला त्या पैशांना हातही लावता येत नाही. भाच्याच्या खात्यावर टाकलेले १२ लाख यातल्या कशातच बसत नाहीत. कायद्याच्या नजरेत ते मावशीने भाच्याला दिलेले पैसे ठरतील. त्याच्या दोन मित्रांशी उद्या बिनसलं, तर ते म्हणतील, कंपनीत कुठे आले हे पैसे?

त्याच्या मनात वाईट नसेल. ही पोरं मशीनमध्ये इतकी बुडालेली असतात की कागद सीएला माहीत, असं म्हणून मोकळी होतात. पण तुमच्या बाजूने कागद पक्का हवा.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की त्या कंपनीने दाखल केलेले सगळे कागद बघता येतात: ताळेबंद, संचालक कोण, भागधारक कोण, बँकेचा बोजा किती. शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला बसवून हे एका दुपारी होईल. पेटंट आहे म्हणत असेल तर तो नुसता अर्ज आहे की मंजूर झालंय ते बघा, आणि कुणाच्या नावावर आहे तेही बघा. पेटंट एका मित्राच्या नावावर आणि पैसा कंपनीत, हा प्रकार मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलाय.

३ टक्क्यांचा हिशोबही तुम्ही मनात कराल. १२ लाखांना ३ टक्के, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत ४ कोटी धरली. एकही मशीन विकलं नसेल तर हे ४ कोटी कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पुढे कंपनीला आणखी पैसा लागणारच. दोनदा नवे भागधारक आले आणि दरवेळी त्यांनी पाचवा हिस्सा घेतला, तर तुमचे ३ टक्के १.९२ वर येतील. मग तुमचे नुसते १२ लाख सुटायला कंपनीची किंमत सव्वासहा कोटी व्हावी लागेल. तेव्हाही ते शेअर घेणारा माणूस शोधावा लागेल, कारण प्रायव्हेट कंपनीचे शेअर बाजारात विकता येत नाहीत. पोस्टाच्या खात्यासारखं ते मोडता येत नाही.

चांगलं तंत्रज्ञान असूनही असं होतं का? होतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लाइटसेल एनर्जी नावाची कंपनी होती, दाबलेल्या हवेत वीज साठवायचं मशीन करणारी. हवा दाबताना सिलिंडरमध्येच पाण्याचे बारीक तुषार उडवायचे, म्हणजे तापायच्या आत उष्णता पाण्यात जाते, ही त्यांची कल्पना. कल्पना भौतिकशास्त्राला धरून होती, माणसं हुशार होती, पैसा बिल गेट्स आणि पीटर थील यांच्यासारख्या बड्या गुंतवणूकदारांचा होता. तरी दहाएक वर्षांत ती कंपनी थांबली. वीज साठवायची त्याहून स्वस्त साधनं बाजारात येत गेली आणि त्यांचं मशीन पुरेसं विकलं जाईल असा धंदा उभा राहिला नाही. बिल गेट्सला तो तोटा सोसता येतो. सांगली जिल्ह्यातल्या मुख्याध्यापिकेच्या ऑपरेशनचे पैसे त्याच रांगेत उभे करू नयेत.

माझंही सांगतो. २००९ मध्ये एका जुन्या सहकाऱ्याच्या छोट्या कंपनीत मी ३ लाख घातले. कॉम्प्रेसरच होता. मी स्वतः दोन रात्री त्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. इंटरकूलरनंतरच्या पाइपला हात लावला, हात ठेवता येत होता. कान लावून व्हॉल्व्ह ऐकले, सगळे एका तालात. मशीन खरोखर चांगलं होतं. पहिल्याच मोठ्या ग्राहकाने पैसे अडकवले, बँकेचे हप्ते थकले आणि दीड वर्षात गाळ्याला कुलूप लागलं. ग्राहक किती आहेत, पैसे कधी देतात, कंपनीच्या हातात किती महिन्यांचा पगार आहे, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. मैत्रीत कसं विचारायचं, असं वाटलं होतं. त्या सहकाऱ्याने पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे येणं टाळलं, कारण समोर आलं की ते ३ लाख मध्ये येऊन बसायचे. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं. तुमच्याकडे तर पाचवीपासून वाढलेलं लेकरू आहे.

म्हणून त्या खात्याकडे एकदा नीट बघा. १२ लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ९८,४०० रुपये व्याज येतं, म्हणजे दर तिमाहीला २४,६००. आज खातं मोडलं तर दंडापोटी १ टक्का, म्हणजे १२,००० कापून घेतील. ती रक्कम तशी किरकोळ. पण ते चोवीस हजार तुमच्या औषधांचे, गुडघ्याचे आणि गुडघ्यानंतरच्या दोन महिन्यांच्या मदतनीस बाईचे आहेत.

भाच्याला हात द्यायची तुमची इच्छा मला समजते. त्याला दोन वाटा आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका. एक, मावशी म्हणून त्याला एक रक्कम सरळ भेट द्या, पन्नास हजार, लाख, जे पेन्शनच्या शिलकीतून सहज निघेल ते. आईच्या बहिणीकडून मिळालेल्या भेटीवर त्याला आयकर लागत नाही. ते परत यायची वाट बघायची नाही. दुसरी वाट शेअरची. खऱ्या गॅसवर चाललेले तास, मोजलेले युनिट आणि वर सांगितलेले कागद त्याने दाखवले तर, आणि तरच, दोन लाखांपर्यंत घाला, तेही गुडघ्याचा खर्च बाजूला काढून ठेवल्यावर. हे दोन लाख उद्या गेले तरी तुमचा महिना बदलत नाही, असे असले पाहिजेत. या पैशांवर ठरलेलं व्याज देतो, असं तो किंवा त्याचे मित्र म्हणाले तर अजिबात देऊ नका. ते मग शेअरही राहत नाहीत आणि धड ठेवही होत नाही.

नाही कसं म्हणायचं, हे तुम्ही विचारलंय. मी असतो तर दिवाळीच्या फराळाची वाट बघितली नसती, कारण घरात बहीण, पाहुणे असताना हा विषय निघाला की बोलणं भलतीकडे जातं. त्याला आधीच फोन करा. म्हणा, ‘बाळा, पोस्टाचं खातं मी मोडणार नाही, ते माझ्या गुडघ्याचं आहे. पण तुझं मशीन मला बघायचंय.’ आणि खरंच जा, भोसरीला. मशीन चालू असताना जा. त्याला लॉगबुक मागा आणि शेजारी स्टूल टाकून वही तपासायला बसा. येताना कंपनीचा मागच्या वर्षीचा ताळेबंद आणि पेटंटचा कागद यांच्या झेरॉक्स घेऊन या. त्या आणि लॉगबुकच्या चार पानांचे फोटो या सदराच्या पत्त्यावर मला पाठवा, नावं झाकून. मी आकडे बघतो आणि तुम्हाला स्वतः लिहितो.